हवेची गादी आणि इतर वाद

हेलिकॉप्टर जमिनीलगत तरंगत असताना त्याच्याखाली हवेची गादी तयार होते, असं कुठलाही पायलट सांगेल. अशी गादी नसते. मी इंजिनिअरिंग कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो, त्यामुळे मला हे ठामपणे म्हणता येतं. आणि आमच्या दाजींची उमेदीची वर्षं चीता हेलिकॉप्टरच्या सीटवर गेली, त्यामुळे त्यांना ते मुळीच पटत नाही.

"गादी नसते म्हणतोस? मग एवढी वर्षं मी टेकत होतो कशावर रे, मास्तर?"

दाजी आर्मी एव्हिएशनमधून निवृत्त झाले आणि ताईला घेऊन नाशिक रोडला राहायला आले. गांधीनगरच्या धावपट्टीवर सैन्याची हेलिकॉप्टर शिकवणारी शाळा आहे, तिचा आवाज गच्चीवर येतो. ताईच्या मते घर घेताना त्यांनी पाणी, शाळा, बाजार यांतलं काहीच पाहिलं नाही, फक्त वाऱ्याची दिशा पाहिली. मी रविवारी तिकडे गेलो की आमचा वाद ठरलेला. तो गादीपासून सुरू होतो आणि कुठेही जातो. या लेखात मी त्या वादातले काही मुद्दे मांडतो आहे. कारण आता मला वाटतं की आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतच नव्हतो.

आधी गादी. पूर्ण वजनाचा चीता १९५० किलोचा. त्याच्या रोटरचा, म्हणजे डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांचा, व्यास ११ मीटर, म्हणजे पाती फिरून जी तबकडी होते तिचं क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस मीटर. एवढं वजन हवेत एका जागी धरायचं तर रोटरला हवा सतत खाली लोटत राहावी लागते. समुद्रसपाटीला ही हवा तबकडीतून सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली जाते. पाती या उतरत्या हवेतच फिरत असतात. समोरून येणारी हवा त्यांना थोडी वरून येतेय अशी भासते आणि त्यांच्या कोनाचा काही भाग फुकट जातो. तो भरून काढायला आणखी कोन, आणखी शक्ती लागते. जमीन जवळ आली की हवेला सरळ खाली जायला वाट राहत नाही, तिला बाजूला वळावं लागतं. त्यामुळे तबकडीपाशीच तिचा खाली जाण्याचा वेग कमी होतो, आणि तेवढीच उचल कमी शक्तीत मिळते. बस. या वेगांना हवा दाबली वगैरे जात नाही, काही साठत नाही, कोणी कशावर बसत नाही. १९५५ साली चीझमन आणि बेनेट यांनी यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं. त्याप्रमाणे रोटर जमिनीपासून व्यासाच्या निम्म्या उंचीवर असेल तर त्याच शक्तीत सुमारे ७ टक्के जास्त उचल मिळते. व्यासाएवढ्या उंचीवर हा फायदा दीड टक्क्यावर येतो, त्याच्या वर विसरून जायचा.

७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. चीताच्या वजनाचे ७ टक्के म्हणजे दोन माणसं. सियाचिनच्या एखाद्या चौकीवरून हिमदंश झालेल्या जवानाला उचलायचं असेल तर ती दोन माणसं म्हणजेच सगळा हिशेब.

हे सूत्र मी फळ्यावर लिहून द्यायचो, मुलं उतरवून घ्यायची. दाजींनी मात्र एक गोष्ट सांगितली जी सूत्रात नाही. वरच्या चौक्यांचे हेलिपॅड सपाट मैदानात नसतात. बर्फाचा एखादा उंचवटा, त्यावर जेमतेम स्किड, म्हणजे चाकांच्या जागचे दोन दांडे, मावतील एवढी जागा, आणि तिन्ही बाजूंना दरी. तिथे उतरताना तबकडीचा निम्माअधिक भाग दरीवर असतो. चीझमन-बेनेटच्या सूत्राला खाली अथांग सपाटी हवी, ती तिथे नाही. "गादी अर्धीच असते," दाजी म्हणाले, "आणि कधी कधी नसतेच. ती आहे असं समजून आलास तर शेवटच्या दहा फुटांत तुझ्याकडे शक्ती उरत नाही." म्हणजे गादी नसते हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. फक्त माझी नसणारी गादी वेगळी होती आणि त्यांची वेगळी.

जमिनीजवळच्या या फायद्याला पायलट लोक ग्राउंड इफेक्ट म्हणतात, आणि त्याच्या आत (इन) आणि बाहेर (आउट) असं बोलतात. त्यातही पूर्ण नाव कोणी घेत नाही, आयजीई आणि ओजीई. हॉव्हर, म्हणजे एका जागी तरंगणं, आयजीई जमेल, ओजीई जमणार नाही, एवढ्या एका वाक्यावर एखादी फेरी जाते किंवा रद्द होते. आणि हे वाक्य रोज सकाळी बदलतं, कारण हवा बदलते.

लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांहून थोडी वर. पण हेलिकॉप्टरला नकाशावरची उंची कळत नाही, हवेची घनता कळते. उन्हाळ्यात दुपारी लेहला २५ अंश तापमान झालं की तिथली हवा साधारण चौदा हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. पायलटच्या शब्दांमधला हा एक शब्द असा आहे की ज्याच्याबद्दल आमचं भांडण नाही. ६००० मीटरवर हवेची घनता जवळजवळ निम्मी होते. त्याच वजनाला हवा आता सेकंदाला ९ ऐवजी १२ मीटरच्या वर वेगाने खाली लोटावी लागते, म्हणजे शक्ती तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढवून लागते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनाला श्वास पुरत नाही. म्हणून सियाचिनची उड्डाणं पहाटेची. ऊन चढायच्या आत जायचं, वारा सुटायच्या आत परतायचं. इंधन मोजून, सामान मोजून. वरच्या हेलिपॅडवर इंजिन बंद करत नाहीत, कारण ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही.

युद्धात हेलिकॉप्टरने माणसं वाचवण्याची पहिली घटना याच हिशेबावर अडली होती. एप्रिल १९४४, ब्रह्मदेश. जपानी फौजांच्या मागे एक छोटं विमान पडलं, त्यात अमेरिकन पायलट आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक. लेफ्टनंट कार्टर हार्मन आसामातल्या लालाघाटहून सिकॉर्स्की कंपनीचं आर-४ हेलिकॉप्टर घेऊन टप्प्याटप्प्याने तिथे गेला. यंत्र १८० अश्वशक्तीचं, हवा उष्ण आणि दमट. एका वेळी एकच माणूस उचलता येत होता. पहिल्या दिवशी दोघे निघाले, मग इंजिन तापलं, उरलेले दोघे दुसऱ्या दिवशी. चार माणसांसाठी चार फेऱ्या.

चीताचा जन्म याच अडचणीतून झाला, आणि त्यात आपला वाटा आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी भारतीय सैन्याला हिमालयात चालेल असं हलकं हेलिकॉप्टर हवं होतं. फ्रेंचांनी जुन्या अलुएत-२ चा हलका सांगाडा घेतला आणि त्याला मोठ्या अलुएत-३ चं इंजिन आणि रोटर जोडले. ही अलुएत-३ म्हणजे आपली चेतक. नव्या यंत्राने मार्च १९६९ मध्ये पहिलं उड्डाण केलं, नाव लामा. बेंगळुरूला एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्सने) ते परवान्यावर बांधलं, तेव्हा ते चीता झालं. त्याचं आर्तुस्त इंजिन मुळात ८७० अश्वशक्तीचं, पण वापरायला परवानगी फक्त ५५० ची. मला हे फार आवडतं. खाली वापरत नाहीत ती ताकद विरळ हवेसाठी राखून ठेवलेली. समुद्रसपाटीला इंजिन आरामात असतं आणि वर गेल्यावर बाकीची इंजिनं दम टाकतात तिथेही ते जवळपास तेच ५५० देत राहतं.

या लामाने २१ जून १९७२ ला जाँ बूले या चाचणी पायलटला १२,४४२ मीटरवर नेलं. एव्हरेस्टच्या साडेतीन किलोमीटर वर. वजन वाचवण्यासाठी हेलिकॉप्टरमधलं काढता येईल ते सगळं काढलं होतं. वर तापमान उणे साठ अंशांच्याही खाली. उतरण्यासाठी त्याने शक्ती कमी केली आणि इंजिन विझलं. तिथे ते पुन्हा सुरू होणं शक्य नव्हतं. बूले त्या उंचीवरून जमिनीपर्यंत इंजिनाशिवाय आला आणि नीट उतरला. विक्रम उंचीचा होता, पण त्याच दिवशी इंजिनाशिवाय इतक्या उंचीवरून उतरण्याचाही विक्रम आपोआप होऊन गेला.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं, अशी समजूत सगळीकडे आहे. माझ्या विद्यार्थ्यांतही आहे. ऑटोरोटेशन हा शब्द त्यासाठीच शिकवावा लागतो. इंजिन गेल्याबरोबर, सेकंद-दोन सेकंदांत, डाव्या हातातला कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, खाली करायचा. पात्यांचा कोन उतरतो, आता हवा खालून वर यायला लागते आणि तीच रोटर फिरवते. पात्याचा मधला भाग रोटरला पुढे ढकलतो, टोकाकडचा भाग मागे ओढतो, आणि दोन्ही तोलून फेरे टिकतात. जमिनीजवळ नाक वर करून वेग मारायचा, मग फिरत्या पात्यांत जेवढी शक्ती साठली आहे ती कलेक्टिव्ह ओढून एकदाच खर्च करायची. दुसरी संधी नाही.

मात्र यासाठी एकतर उंची हवी नाहीतर वेग हवा. दोन्ही कमी असतील तर साठवलेलं काहीच नाही. हेलिकॉप्टरच्या मॅन्युअलमध्ये यासाठी एक आलेख असतो, हाइट-व्हेलॉसिटी डायग्राम. पायलट त्याला डेड मॅन्स कर्व्ह म्हणतात. मी एकदा दाजींना विचारलं की सियाचिनच्या हेलिपॅडवर येताना तुम्ही या आलेखाच्या आत किती वेळ असता. ते म्हणाले, "पूर्ण वेळ." आणि पुढे पोहे मागून घेतले. त्यावर आणखी काही बोलण्यासारखं नव्हतं.

आता ज्या मुद्द्यावर ताईने आम्हाला गच्चीवरून खाली हाकललं, तो ९० अंशांचा. हा कंटाळवाणा वाटेल, पण माझा जीव यात आहे.

चीता ताशी १५० किलोमीटरने पुढे जातोय समजा. त्याच्या पात्यांची टोकं सेकंदाला २०० मीटरच्या थोड्या वर फिरतात. हेलिकॉप्टरचा स्वतःचा वेग सेकंदाला सुमारे ४२ मीटर. जे पातं पुढे येतंय त्याला दोन्ही वेग मिळतात, जे मागे जातंय त्याच्यातून एक वजा होतो. एकाला २४५, दुसऱ्याला १६२. उचल वेगाच्या वर्गावर अवलंबून, म्हणजे एका बाजूला दुसरीच्या दुपटीहून जास्त. हेलिकॉप्टर उलटायलाच हवं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाची सुरुवातीची यंत्रं तशीच एका बाजूला कलंडली. त्याने एक मॉडेल केलं होतं, वेताची लवचीक पाती असलेलं. ते मात्र छान उडायचं. लवचीकपणात काहीतरी आहे हे त्याला उमगलं आणि त्याने मोठ्या यंत्राची पाती मुळाशी बिजागरी लावून वरखाली हलायला मोकळी सोडली. पुढे येणारं पातं जास्त उचलीमुळे वर जातं. वर जाताना त्याला हवा वरून लागते, कोन कमी होतो, जास्तीची उचल आपोआप गळते. मागे जाणाऱ्याचं उलट. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ त्याचं सी-४ ऑटोजायरो, म्हणजे ज्याचा रोटर इंजिनाने नाही तर वाऱ्याने फिरतो असं यंत्र, नीट उडालं. (आधी त्याने बांधलेलं तीन इंजिनांचं विमान १९१९ साली वेग कमी होऊन, स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून पडलं होतं, म्हणून तो या वाटेला लागला. १९३६ च्या डिसेंबरात लंडनजवळ क्रॉयडनला धुक्यात एक प्रवासी विमान उडतानाच कोसळलं, त्यात तो प्रवासी होता.)

सिएर्वाचं बिजागरीतलं हे वरखाली होणं म्हणजे फ्लॅपिंग. आणि इथे ९० अंश येतात. हेलिकॉप्टर पुढे झुकवायला तबकडी पुढे झुकवावी लागते. तुम्ही म्हणाल, मागच्या बाजूला पात्याचा कोन वाढवा, मागची बाजू वर जाईल. तसं करून चालत नाही. कोन पाव फेरी आधी वाढवावा लागतो. असं का? दाजींच्या शाळेत याचं उत्तर: जायरोस्कोपिक प्रिसेशन. फिरत्या भोवऱ्याला ढकललं की तो ९० अंश पुढे झुकतो, रोटरही फिरता आहे, प्रश्न मिटला. प्रश्न मिटत नाही. भोवरा एकसंध असतो. बिजागरीवर मोकळं सोडलेलं पातं एकसंध नाही, प्रत्येक पातं आपापलं वरखाली डोलतं. पात्याला वर लोटणारा जोर जिथे सर्वांत जास्त, तिथे ते सर्वांत वेगाने वर चढत असतं. सर्वांत उंच पोचतं ते त्यानंतर पाव फेरीने. हे इतकंच आहे. शिवाय भोवऱ्याचं उत्तर खरं असतं तर कोन नेहमी ९० च आला असता. बिजागरी मधल्या अक्षापासून जरा दूर बसवली, किंवा बिजागरीच काढून पातं घट्ट धरलं, की तो ९० पेक्षा कमी येतो. अशी हेलिकॉप्टरं आहेत आणि ती उत्तम उडतात. मी हे सगळं बशी, चमचा आणि आवाज वापरून सांगितलं.

दाजी शांतपणे म्हणाले, "मला एक सांग. हे कळल्यावर मी उजव्या हातातला सायक्लिक वेगळा ढकलू का?"

नाही. कारण हा पाव फेरीचा फरक डिझायनरने स्वॉशप्लेटच्या, म्हणजे काठीची हालचाल पात्यांपर्यंत नेणाऱ्या भागाच्या, जोडणीत आधीच काढून टाकलेला असतो. पायलटने सायक्लिकची काठी पुढे ढकलली की हेलिकॉप्टर पुढे जातं. भोवऱ्याची गोष्ट खोटी असली तरी पायलटच्या हाताचं तिच्यामुळे काही बिघडत नाही.

मी त्या दिवशी हरलो असं मी मानत नाही. पण तेव्हापासून मी पायलटच्या शब्दांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. गादी, प्रिसेशन, ही स्पष्टीकरणं म्हणून कच्ची आहेत. पण ती स्पष्टीकरणं नाहीतच मुळी. ती हातापायांना दिलेल्या सूचना आहेत. जमिनीजवळ कलेक्टिव्ह थोडा कमी लागेल, कड ओलांडलीस की एकदम जास्त लागेल, तयार राहा. एवढं गादी या शब्दात भरलेलं आहे आणि ते बरोबर आहे. मग शब्द चुकीचा कधी म्हणायचा? ज्याने हात चुकेल तो. दाजींना मी असं विचारलं तेव्हा त्यांनी क्षणभरही न थांबता एक नाव सांगितलं, आणि त्यावर आम्हा दोघांचं एकमत झालं. फारच दुर्मीळ प्रसंग.

ते नाव म्हणजे लॉस ऑफ टेल रोटर इफेक्टिव्हनेस, बोलताना एलटीई. शेपटीच्या रोटरची परिणामकारकता जाणे. मोठ्या रोटरच्या उलट दिशेला यंत्र स्वतःच गरगरू नये म्हणून शेपटीला हा छोटा रोटर असतो, आणि त्याचा जोर पायांतल्या पेडलांनी कमीजास्त करतात. हा वाक्प्रचार अमेरिकन सैन्यात १९८०च्या दशकात रुळला, त्यांच्या कायोवा हेलिकॉप्टरांना होणाऱ्या अपघातांमुळे. वेग कमी, वारा बाजूने किंवा मागून, आणि अचानक नाक एका बाजूला वळायला लागतं, थांबत नाही, गरगर सुरू. नाव ऐकून पायलटला काय वाटतं? शेपटीचा रोटर गेला. आता पेडल दाबून उपयोग नाही. आणि तो पाय ढिला सोडतो, किंवा अर्ध्यात थांबतो. प्रत्यक्षात अशा बहुतेक वेळी शेपटीचा रोटर धडधाकट असतो, काम करत असतो. त्याला पुरेसं पेडल पुरेशा लवकर मिळालेलं नसतं. एअरबसने २०१९ मध्ये पायलटांसाठी एक सूचनापत्र काढून हेच सांगितलं: याला अनपेक्षित वळण म्हणा, आणि उलट बाजूचं पेडल लागलं तर शेवटपर्यंत दाबा आणि वळण थांबेपर्यंत दाबून धरा. एका नावामुळे पाय मागे येत होते, म्हणून नाव बदला असं कंपनीला सांगावं लागलं.

कुठला पाय, हाही एक प्रश्नच. फ्रेंच आणि रशियन रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, अमेरिकन उलटे. चीता, चेतक, एमआय-१७ वर शक्ती वाढवली की नाक डावीकडे जायला बघतं आणि उजवा पाय दाबावा लागतो. अमेरिकन अपाचीवर डावा. दाजी अमेरिकन सिम्युलेटरवर एकदा बसले होते, त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

दुसरं असंच धोक्याचं नाव सेटलिंग विथ पॉवर. हे जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण एकच नाव दोन दुखण्यांना लागलं.

पहिलं दुखणं व्हॉर्टेक्स रिंग. हेलिकॉप्टर जवळजवळ सरळ खाली उतरतंय, पुढचा वेग नगण्य, इंजिन शक्ती देतंय. खाली लोटलेल्या हवेतच रोटर उतरायला लागतो. ती हवा कडेने वर येऊन पुन्हा वरून तबकडीत शिरते, आणि रोटर तीच ती हवा घुसळत बसतो. पायलट घाबरून कलेक्टिव्ह ओढतो, घुसळण वाढते, उतरण्याचा वेग आणखी वाढतो. उपाय ठरलेला: काठी पुढे, कलेक्टिव्ह खाली, स्वतःच्या घुसळलेल्या हवेतून बाहेर पडायचं. यात उंची जाते, म्हणून जमिनीजवळ हे जीवघेणं.

दुसरं दुखणं साधं आहे. शक्तीच पुरत नाही. वजन जास्त, हवा विरळ, वारा पाठीमागून. वेग कमी करत आलास, ओजीई हॉव्हरला जेवढी शक्ती लागते तेवढी इंजिनाकडे नाही, कलेक्टिव्ह काखेपर्यंत ओढला, रोटरचे फेरे उतरायला लागले, आणि यंत्र बसतंय. यात कुठली घुसळण नाही. हा नुसता गणिताचा निकाल, आणि ते गणित जमिनीवर सकाळीच करायचं होतं.

दोन्हींत हेलिकॉप्टर शक्ती चालू असतानाच खाली बसतं, त्यामुळे नाव दोन्हींना शोभतं. पण एकात चूक उतरण्याच्या पद्धतीत आहे, दुसऱ्यात वजनाच्या कागदात. एकच नाव ठेवलं की दुसऱ्या प्रकारच्या अपघातालाही व्हॉर्टेक्स रिंग म्हणून मोकळं होता येतं, आणि रहस्यमय हवेवर खापर फुटतं. वजनाचा कागद कोणी उघडत नाही. दाजींना हे माझं म्हणणं पटलं, पण त्यांनी एक दुरुस्ती केली: कागद उघडतात, पण उशिरा.

व्हॉर्टेक्स रिंगचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण २ मे २०११ चं, अबोटाबादचं. बिन लादेनच्या घराच्या आवारात उतरणारं अमेरिकन ब्लॅक हॉक जमिनीजवळ आल्यावर तोल जाऊन आदळलं. नंतर जे कारण सांगितलं गेलं ते असं, की सराव ज्या नकली आवारात केला तिथे भिंतींऐवजी जाळीचं कुंपण होतं. जाळीतून हवा निघून गेली. खऱ्या आवारात उंच पक्क्या भिंती. रोटरची हवा भिंतीला लागून वर आली आणि पुन्हा रोटरमध्ये गेली. त्यात रात्र अपेक्षेपेक्षा उष्ण. मला या हकिकतीत नेहमी जाळीवाल्याबद्दल वाईट वाटतं. त्याला मापं अचूक दिली होती.

व्हॉर्टेक्स रिंग टाळायचा नियम पायलटांना पाठ असतो: वेग कमी असेल तर मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त उतरू नका. मी आकडेमोड केली. ही अवस्था सुरू होते ती उतरण्याचा वेग रोटरच्या स्वतःच्या खाली लोटलेल्या हवेच्या वेगाच्या साधारण निम्म्यावर पोचला की. चीतासाठी तो वेग ९ मीटर, निम्मा साडेचार, म्हणजे मिनिटाला जवळपास ९०० फूट. आणि ६००० मीटरवर तर त्याहून जास्त. तेव्हा ३०० हा आकडा चीतासाठी फारच भित्रा आहे आणि प्रत्येक हेलिकॉप्टरसाठी तो वेगळा हवा, त्यात वजन, क्षेत्रफळ, घनता आणि एक वर्गमूळ यायला हवं, असं मी सांगितलं.

"३०० लक्षात राहतं," दाजी म्हणाले. "तुझं वर्गमूळ नाही राहत."

अलीकडे मात्र मी त्यांना एक गोष्ट दाखवली, जी ऐकून ते खरोखर अस्वस्थ झाले. स्वित्झर्लंडचा एक डोंगरी पायलट, क्लोद व्हुइशार. लांब दोरखंडाला ओझं लटकवून काम करणारा. त्याने व्हॉर्टेक्स रिंगमधून बाहेर पडायची वेगळी रीत बसवली. पुढे जायचंच नाही, बाजूला सरकायचं. कलेक्टिव्ह खाली न करता उलट वर ओढायचा, उड्डाणाच्या वेळी देतो तेवढी शक्ती द्यायची, पेडलने नाक सरळ धरायचं, आणि शेपटीचा रोटर यंत्राला ज्या बाजूला ढकलतो त्याच बाजूला काठी थोडी कलवायची. तबकडीची एक कड घुसळणीतून निसटून वर चढणाऱ्या हवेत गेली की सुटका. जुन्या रीतीत शेकडो फूट जातात, यात वीस ते पन्नास. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या रॉबिन्सन कंपनीच्या प्रशिक्षकांनी ती उचलली आणि ती जगभर पसरली. प्रत्येक हेलिकॉप्टरवर, घुसळण पूर्ण तयार झाल्यावरही ती तशीच चालते का, यावर चाचणी पायलटांत अजून दोन मतं आहेत. आणि गंमत अशी की आधी हातांनी ती करून पाहिली, समीकरणवाले मागून आले.

"कलेक्टिव्ह ओढायचा? व्हॉर्टेक्स रिंगमध्ये?" दाजींनी चष्मा काढला. "हे आम्ही केलं असतं तर त्याच दिवशी खाली उतरवून घरी पाठवलं असतं."

मग ते खुर्चीत ताठ बसले. डावा हात खुर्चीच्या बाजूला खाली नेला, उजवा गुडघ्यांच्या मध्ये, दोन्ही पाय पुढे. डावा हात वर आला. त्याबरोबर उजवा पाय आपोआप पुढे गेला. उजवा हात मात्र अडला.

"तो अमेरिकन रोटरवर काठी उजवीकडे नेत असणार."

"हो."

"मग आपल्याला डावीकडे. उजवं पेडल दाबलं की शेपटी आपल्याला डावीकडे ढकलते." हात डावीकडे गेला, जेमतेम दोन बोटं. "किती कलवायचं म्हणालास?"

"पंधरा-वीस अंश."

"आणि खाली दोरखंडाला ओझं असेल तर?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दाजींनी हात जागेवर आणले आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.